आपलं नौदल

"आज मधेच बंद पडली, तर उद्या भंगारात," दिपिका मॅडम म्हणाल्या आणि बोटीत चढल्या.

धरणाच्या पहाऱ्यावर आलेल्या त्या नव्या साहेब. त्यांच्यामागून मेकॅनिक किशोर पान्यांची पिशवी घेऊन चढला. चंदरने मुकाट्याने इंजिन चालू केलं. बोट गेली की आपली नोकरी गेली, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

बोट तशी खानदानी. एका शेठने मौजेसाठी मुंबईहून ट्रकवर घालून डोळखांबच्या रस्त्याने आणली, तेव्हा पांढरीशुभ्र होती. आत गाद्या, गाणी, थंड बाटल्या. शेठचा शौक फिटला आणि ती सरकारने घेतली. गाद्या गेल्या, भोंगा आला, करडा रंग आला. चोरून मासे मारणाऱ्यांना हुसकावायचं काम आलं. चालवणारा चंदर तेवढा तोच राहिला. आसपासचे लोक हसून तिला 'आपलं नौदल' म्हणू लागले.

नौदल कसलं डोंबलाचं! धरणाच्या मध्यावर, रोज एकाच जागी बंद पडायचं. शेठच्या वेळी पडायचं, सरकारच्या वेळीही पडायचं. घटकाभर थांबून जरा पुढे सरकलं की पुन्हा चालू. तेवढ्यात मासेवाले जाळी गुंडाळून पसार. किशोरने पंप बदलला, बॅटरी बदलली, वायरी बदलल्या. शेवटी वैतागून लिंबू-मिरचीही बांधली. फरक शून्य.

आज ती जागा जवळ आली. किशोर इंजिनाला कान लावून बसला. मॅडम मात्र चंदरकडे बघत होत्या. त्याने पायातल्या चपला काढल्या. किल्लीवर हात ठेवला, मागे घेतला, पुन्हा ठेवला. आणि फिरवली.

इंजिन गप्प झालं.

"काका, ही बंद पडत नाही. तुम्ही बंद करता!"

चंदरचा चेहरा उतरला. "हां मॅडम. हितं खाली आमचा गाव हाय. धरणात गेला. ही जागा आमच्या गावदेवीची. तिच्या डोक्यावरनं पंखा कसा फिरवू?"

"आयला!" किशोरने कपाळावर हात मारला. "आणि मी पंप बदलत बसलो!"

मॅडमचा पारा चढला. "अहो, मग वळसा घालून जायचं ना! एवढं पाणी पसरलंय. बोटही वाचली असती आणि तुमची नोकरीही."

चंदर पाण्याकडे बघत राहिला. बोट हळूहळू डुलत होती.

"वळसा घातला तर तिच्याकडं येनार कोन? मानसं उठून सापगावला गेली, वाशिंदला गेली. दुसऱ्या बोटीला हितं बंदी. गावात एस्टी यायची ना मॅडम, ती पन देवीच्या दारात थांबायची. मग मी तसाच कसा पुढं जाऊ?"

मॅडमनी एकदा खाली पाण्यात पाहिलं. तळ दिसत नव्हता.

किशोरने खिशातून पेन काढलं. "मॅडम, मग बिघाड काय लिहू?"

"बिघाड काही नाही," मॅडम म्हणाल्या. "इथं थांबा आहे, असं लिहा."