पैकीच्या पैकी

आईचे हात लुळे पडले तेव्हा इंजिनिअर मुलाने तिच्यासाठी घास भरवणारा यांत्रिक हात बनवला. प्रत्येक घासानंतर आईने दहापैकी गुण सांगायचे आणि त्यावरून यंत्राने शिकत जायचं. नोंदी किती तपशिलात ठेवायच्या, असं प्रोग्रॅमने विचारलं. "व्हिडिओ, आवाज, एवढा पसारा कशाला?" म्हणत त्याने ‘फक्त गुण’ निवडलं आणि आईला ताईवर सोपवून तो दूरच्या शहरात नोकरीवर परतला.

तिथून तो रोज गुण बघायचा. सुरुवातीला आई दोन-तीनच्या वर जाईना. पुढे मात्र ओळीने दहा येऊ लागले. तो निर्धास्त झाला. घरी जाणं लांबत गेलं.

आई गेल्यावर तिची खोली आवरताना तो म्हणाला, "ताई, शेवटी तरी ती पोटभर जेवली गं. रोज पैकीच्या पैकी!"

ताईने हातातली चादर खाली ठेवली.

"अरे, शेवटी तिला गिळताच येत नव्हतं. घास गळ्यावर ओघळायचा, मी पुसायचे. तुला कळवते म्हटलं, तर म्हणाली, ‘कशाला लेकराच्या जिवाला घोर?’ आणि यंत्राकडे वळून म्हणाली, ‘दहा.’"