गॅलरीतला भात

डोंगरावर खाण आली आणि सासूबाईंना चौथ्या मजल्यावर आणून बसवलं. तेव्हापासून गॅलरीभर रंगाचे रिकामे डबे. त्यांत दरवर्षी डोंगरचा भात पेरायचा आणि मूठभर निघाला की तोच पुन्हा पेरायचा.

"यात चिमणीचं तरी पोट भरेल का?" सून करवादायची. "कपडे कुठं वाळत घालू, तुमच्या डोक्यावर?"

"घाल की. तेवढीच सावली."

आज कोर्टाचा निकाल लागला. खाण बंद, डोंगर डोंगरवाल्यांचा. जिन्यात आनंद मावेना. एवढ्यात शेजारचे काका, त्याच डोंगरचे, पायरीवर मटकन बसले.

"जमीन आली, पण आपल्या भाताचं बी तर कधीच संपलं. पेरायचं काय?"

सासूबाई बोलणार, तोच सून म्हणाली, "संपेल कसं, काका? इतकी वर्षं माझे कपडे उगाच ओले राहिले का?"