फाटकावरचं प्रात्यक्षिक

“थांबा मावशी! कुठं चाललात?”

ललितानं हात आडवा केला आणि गोदाला हसू फुटता फुटता राहिलं. पोटची पोर आपल्या आईला मावशी म्हणते! डोक्यावरची मोळी सावरत गोदानं ओठ घट्ट दाबले. हसलीस तर माझे मार्क गेले, असं ललितानं तिला बजावून ठेवलं होतं.

ललितानं बारावीला ‘सुरक्षा’ विषय घेतला होता. निळा शर्ट, काळी पँट, कमरेला पट्टा. वाडीतली पोरं तिला आत्तापासूनच फौजदारीणबाई म्हणून चिडवायची. लेखी पेपर झाला होता. आज प्रात्यक्षिक, तेही कशेळ्याजवळच्या नव्या रिसॉर्टच्या फाटकावर. अनोळखी माणसाला अडवून दाखवायचं. बाकीच्या मुलींपुढे शाळेचा शिपाईच चोर बनून आला होता. ललितानं मात्र आईला गळ घातली होती. “तूच ये गं. शिपाईकाकांनी डोळे वटारले की माझी दातखीळच बसते.”

पास झाली तर याच फाटकावर नोकरी. नाहीतर दिवाळी झाली की आईबापाच्या मागोमाग वीटभट्टीवर. गोदाचं अर्धं आयुष्य भट्टीवर गेलं होतं. तिथं लेकीचं पाऊल पडू नये म्हणून ती चोरच काय, दरोडेखोर व्हायलाही तयार होती.

“कशेळ्याच्या बाजाराला चालले. मोळी इकायला,” ती म्हणाली.

“ही खाजगी जागा आहे. परवानगी आहे का?”

“नाय बा.”

घरी घोकताना इथं आलं की दोघी पोट धरून हसायच्या. आज ललिता हसली नाही. आवाज तर असा लागला होता की जन्मभर ती शहरातच वाढली असावी. गोदाचा ऊर भरून आला.

“मोळी उतरवून तपासा,” खुर्चीवर बसलेले परीक्षक म्हणाले. त्यांच्या शेजारी रिसॉर्टचे मॅनेजर उभे होते.

ललितानं आईच्या डोक्यावरची मोळी उतरवली. फाट्यांत खोचलेला कोयता काढून बाजूला ठेवला. “कोयता इथं जमा राहील, मावशी. पुन्हा या वाटेनं यायचं नाही.”

“चुकलं, सायेब,” गोदा म्हणाली आणि तोंडावर पदर ओढून आतल्या आत हसली.

परीक्षक खूश झाले. एवढी शांत मुलगी आज दुसरी पाहिली नाही, म्हणाले. त्यांनी शेरा लिहिला आणि गाडीत बसून पुढच्या शाळेकडे निघून गेले. गोदाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

मग मॅनेजर पुढे आले.

“नाटक झकास झालं,” ते ललिताला म्हणाले. “पण मला नाटक नकोय. तुमच्या वाडीच्या बायका रोज इथूनच उतरतात. कुंपण घातलं, ते त्यांनी तोडलं. बाहेरचा गार्ड ठेवला की भांडणं. म्हणून तर तुमच्या शाळेत हा विषय सुरू करायला आम्ही मदत केली. वाडीच्या बायकांना वाडीचीच पोरगी अडवेल. त्या बघ, आल्याच. अडव त्यांना, आणि उद्यापासून ये कामाला.”

वरच्या उतारावरून मोळ्यांची रांग खाली येत होती. सगळ्यांत पुढे गोदाची जाऊ, सुनंदा. गोदा नवऱ्याबरोबर भट्टीवर जायची, तेव्हा ललिताची शाळा बुडू नये म्हणून सुनंदानंच तिला ठेवून घेतलं होतं. तिच्याच हातची भाकरी खाऊन ललिता बारावीपर्यंत आली होती.

गोदाचं हसू तोंडातच वाळलं. पोर शिकते म्हणून ती गावभर मिरवत होती. पोरीला शिकवत होते ते हे! ना लेकीच्या ध्यानात आलं, ना तिच्या. आता एका बाजूला वाडीची वाट होती, दुसऱ्या बाजूला भट्टी. रडावं तरी कुणाच्या नावानं?

“काकी हाय गं ती,” ललिता ओठांतल्या ओठांत म्हणाली. तिचा हात वर होईना.

डोक्यावर भार असलेल्या बाईला वाडीत कुणी आडवं जात नाही. समोरून सासरा आला तरी तो बाजूला होऊन वाट देतो. जो अडवील, त्याच्या हातचं मग कुणी पाणीसुद्धा घेत नाही. नियम कुठं लिहिलेला नाही, पण मोडलेला कुणी पाहिलेला नाही.

“सायेब,” गोदा मॅनेजरांना म्हणाली, “वाट बंद झाली म्हंजे झालं ना?”

“झाली तर झालं. मला तेवढंच हवंय.”

गोदा चढाला लागली. मोळी फाटकापाशीच राहिली.

“काय गं, पास झाली का आपली पोर?” सुनंदानं लांबूनच विचारलं.

“झाली. आता मागं फिरा समद्या. वरच्या वाटेनं जा.”

“ती कशापायी? तिकडून गेलो तर बाजार उठंल!” भारानं सुनंदाची मान ताठली होती. “कोण अडवतंय आमाला? ललिता?”

फाटक तिच्या नजरेआड होईल अशी गोदा वाटेच्या मधोमध उभी राहिली.

“ती कशाला अडवंल?” ती म्हणाली. “मी अडवते.”