बाबांची जागा

विकायला काढलेली घरासारखी गाडी, मोटरहोम, बघायला दातांचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई ठरल्यापेक्षा बरेच आधी आले, त्यामुळे सगळीच धांदल उडाली. मुलानं बाबांच्या हातातली काठी काढून घेतली, सोफ्याच्या कोपऱ्यातल्या बुटक्या कपाटावर उभी केली, तिचं वरचं टोक छतातल्या पलंगाखाली ठोकून ठोकून बसवलं आणि पुढून पडदा ओढला. बाबांना त्याच सोफ्यावर बसवलं, बरोबर पलंगाखाली.

"गाडी विकली की काठी देतो," तो त्यांच्या कानात म्हणाला. "तोवर उठायचं नाही. आणि वर बघायचं नाही."

हा पलंग दिवसभर मोटरहोमच्या छताला चिकटून असायचा. रात्री बटण दाबलं की चार पट्ट्यांवरून अलगद खाली यायचा. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात निदान तसा फोटो तरी होता. पण गेल्या आठवड्यात सोफ्याकडचे दोन पट्टे गेले आणि पलंग भरदुपारी, कुणी न बोलावता, खाली आला. नशीब, तेव्हा सोफ्यावर कुणी बसलेलं नव्हतं. विसरलेली चहाची किटली तेवढी होती.

डॉक्टर गाडीत शिरले ते टॉर्च घेऊनच. एकेक कप्पा उघडायचे, आत उजेड पाडायचे, बोटानं ठोकून बघायचे. चूळ भरा म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. डॉक्टरीणबाईंना सिंकखाली ती किटली सापडली. ताटलीएवढी चपटी, तोटी एका अंगाला मुरगळलेली.

"हे काय हो?"

"घडीची किटली," सून जराही न अडखळता म्हणाली. "प्रवासात जागा वाचते."

बाईंनी ती उलटसुलट करून बघितली आणि गाडीबरोबर मिळेल का, ते विचारलं.

डॉक्टरांना पलंग खाली येताना बघायचा होता. मुलगा म्हणाला, बॅटरी चार्जिंगला दिलीय. मग हातानं ओढू या की, डॉक्टर म्हणाले. हातानं ओढला तर वॉरंटी जाते, असं मुलानं सांगितलं. तेवढ्यात वर काहीतरी कुरकुरलं. सून गाणं गुणगुणायला लागली. परत कुरकुरलं, तशी ती जरा मोठ्यानं गुणगुणली. थोड्या वेळानं बिचारीला चक्क शब्दांसकट गावं लागलं. आवाज छान आहे तुमचा, असं डॉक्टरीणबाई मनापासून म्हणाल्या.

बाबांच्या मांडीवर टपकन एक स्क्रू पडला. त्यांनी तो मुठीत घेतला. वर बघितलं नाही.

गाडी का विकताय, असं डॉक्टरांनी सहज विचारलं. मुलानं सुस्कारा सोडला. बाबांना आता प्रवास झेपत नाही म्हणाला, त्यांच्यासाठीच काळजावर दगड ठेवून विकतोय. बाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. प्रवास त्यांना चांगला झेपत होता. काठीशिवाय उठणं तेवढं झेपत नव्हतं.

डॉक्टर मात्र पुन्हा छतापाशीच येऊन थांबले. त्यांच्या मनातून काही ते जाईना. समजा वर दोन माणसं झोपली आणि हे सुटलं, तर खाली बसलेल्याचं काय?

मुलगा तोंडभर हसला. "डॉक्टर, आमचे बाबा सकाळपासून बसलेत तिथं. धोका असता तर जन्मदात्याला बसवलं असतं का?"

हे सगळ्यांना पटलं. डॉक्टरांनी टॉर्च बंद करून खिशात टाकला. आता चार शब्द बोलले की व्यवहार होणार, असं दिसत होतं, आणि त्याच वेळी बाबा म्हणाले, मला बाहेर जायचंय. आत्ताच तर जाऊन आलात, सून घाईनं म्हणाली. या वयात असं होतंच, असं म्हणून डॉक्टरांनी पुढे होऊन हात दिला. बाबा उठले. सोफा रिकामा झाला, आणि सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

बाबांनी मुठीतला स्क्रू मुलाच्या हातावर ठेवला आणि त्याची बोटं नीट मिटली.

"तू बस की जरा," ते म्हणाले. "जागा गरम आहे."

डॉक्टर बघत होते. मुलगा बसला. पायावर पाय टाकून, एक हात सोफ्याच्या पाठीवर पसरून, मालकानं बसावं तसा बसला. सुनेचं गाणं मध्येच थांबलं.

बाबा डॉक्टरांच्या आधारानं दारापर्यंत गेले. तिथं दोन पायऱ्या होत्या. डॉक्टरीणबाई हळहळल्या. काका, या पायऱ्या अशा कशा उतरणार तुम्ही, काठी वगैरे वापरत नाही का?

बाबांनी मागे वळून मुलाकडे जरा वेळ पाहिलं.

"आहे ना," ते म्हणाले. "त्या पडद्यामागं."

थांबा, मी देते, असं म्हणत बाई लगबगीनं निघाल्यासुद्धा. मुलानं सांगायला तोंड उघडलं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, म्हणून ते उघडंच राहिलं. डॉक्टरांनी सवयीनं दारातूनच वाकून आत बघितलं.

पडदा बाजूला झाला.

"घट्ट बसलीय हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी पर्स काखेत मारली, आणि काठी दोन्ही हातांनी धरली.