मुंडक्याचा मान

मेंढ्याचं उकडलेलं मुंडकं ताटासकट आलं आणि नाक मदियारकडे करून त्याच्यापुढे ठेवलं गेलं.

मदियारनं डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. आपल्या शेजारी कुणी पांढऱ्या दाढीचा बसलाय की काय! कुणी नव्हतं. शेजारी होता तो त्यानंच आणलेला केक. होणाऱ्या जावयाला छातीचं मांस द्यायचं आणि मुंडकं वडीलधाऱ्या पाहुण्याला, एवढं कझाकस्तानात, अल्माटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मदियार तर सत्तावीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर होता आणि आज लग्नाची तारीख ठरवायला आला होता.

"आगा, ताट चुकलं वाटतं," तो म्हणाला.

"चुकलं कसं?" त्याच्या होणाऱ्या बायकोचे, झेरेचे वडील तेमिरखान-आगा सुरीची मूठ त्याच्याकडे करत म्हणाले. "तुझ्या बाजूनं बोलणारं दुसरं कोण आहे? आई नाही, वडील नाहीत. तुझ्या घरचा वडीलधारा तूच. काप बाळा, सगळे उपाशी बसलेत."

"घे की रे!" झेरे म्हणाली. "ऑफिसात सगळ्यांचं डोकं खातोस, आणि इथंच लाजतोस होय?"

सगळे हसले. मदियारही हसला. पण सुरी त्यानं घेतली नाही.

ज्याचे वडील हयात आहेत, त्यानं मुंडक्याला सुरी लावायची नाही. ही रीत त्याला कुणी बसून शिकवली नव्हती. ती अंगातच होती. आणि मदियारचे वडील कोइशीबेक चांगले ठणठणीत होते. दूर तराझ शहरात राहत होते. लग्नांत गात होते.

गाणंही साधंसुधं नाही. अंगात चमचमत्या टिकल्यांचा जांभळा कोट, हातात माईक. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात गाता गाता त्यांनी गिरकी घेतली नि थेट केकवर बसले, आणि उठून पुढचं कडवं सुरात गायले. नऊ सेकंदांचा तो व्हिडिओ साऱ्या देशानं पाहिला. मदियारच्या ऑफिसात तर त्याचं स्टिकर झालं होतं. कुणाचा अडलेला प्रोग्रॅम एकदाचा चालला की ग्रुपवर जांभळा कोट गिरकी घ्यायचा. मदियारही पाठवायचा. नाही पाठवला तर कुणाला संशय आला असता.

एरवी मदियारची आवड फार वरची. कोरियन बँड, जपानी कार्टूनपट. कुठली मालिका कुठल्या भागात घसरली यावर तो जेवणाच्या सुट्टीत तासभर प्रवचन द्यायचा. लग्नातल्या गाण्यांचं नाव काढलं की नाक मुरडायचा. आई गेल्यावर त्याच गाण्यांवर बापानं त्याला वाढवलं, शिकवलं, हे मात्र त्या प्रवचनात कधी येत नसे.

वसंतात तो पहिल्यांदा या घरी आला, तेव्हा झेरेच्या आईनं सहज विचारलं होतं, "वडील काय करतात?" खरं सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथे फोनवर तो व्हिडिओ लावला असता. "वडीलही गेले," मदियार बोलून गेला. तेमिरखान-आगांनी लगेच हात पसरून त्या आत्म्यासाठी दुवा मागितली. सगळ्या घरानं मागितली. मदियारलाही जिवंत बापाच्या नावानं दोन्ही तळवे तोंडावरून फिरवावे लागले. तेव्हापासून तो रोज ठरवायचा, आज झेरेला सांगून टाकू. चूक लहान आहे तोवर दुरुस्त करा, असं ऑफिसातल्या नव्या मुलांना तोच तर शिकवायचा!

आता सुरी समोर होती. नुसता एक कान कापायचा. मग तारीख ठरणार, झेरे त्याची होणार, आणि बाप कायमचा गेलेला राहणार.

त्यानं हात पुढे केला. हात सुरीपर्यंत गेलाच नाही. त्यानं ताट मागे सारलं.

"नाही जमणार, आगा. माझे वडील जिवंत आहेत."

झेरेच्या आईच्या हातातली पळी तशीच राहिली.

"तराझला असतात. लग्नांत गातात. तो जांभळा कोट... तो केक... तेच ते." "मी खोटं बोललो. मुलगी देऊ नका हवं तर. पण हे मी कापणार नाही."

तेमिरखान-आगांनी सुरी शांतपणे ताटात ठेवली.

"गेल्या महिन्यात तू इथं हसताना मान मागे टाकलीस," ते म्हणाले. "हसताना अशी मान मागे टाकणारा मी एकच पाहिलाय. माझ्या पुतण्याच्या लग्नात दोन दिवस गात होता. मग मी त्याला फोन लावला. म्हटलं, कोइशीबेक, तू मेलास म्हणे? बराच वेळ हसला. मग म्हणाला, पोरगा म्हणतोय तर तसंच राहू द्या, पण सोयरीक मोडू नका."

मदियारची मान खाली गेली. झेरेनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. मग दुसरा, पहिल्यापेक्षा हळू.

"मुंडकं गार होतंय," आगा खिशातून फोन काढत म्हणाले. "ज्याचा मान आहे त्याला वर बोलावतो. पहाटे तराझहून निघालाय बिचारा. तासभर खाली गाडीत बसलाय, मी हाक मारतो की परत पाठवतो याची वाट बघत. मघापासून मेसेजवर एकच गोष्ट विचारतोय, कोट घालून येऊ की गाडीतच ठेवू?"

मदियारनं बाहीनं डोळे पुसले.

"घालूनच या म्हणावं," तो म्हणाला, आणि शेजारचा केक उचलून त्यानं कपाटावर ठेवला.