दीर्घिकेशेजारचं कडं

"माझं नाव कुठंय?" भावनाने स्टुडिओच्या दारातूनच विचारलं. पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

कल्याण कॉम्प्युटरसमोर बसला होता. अख्ख्या तीर्थपुरीच्या लग्नांचे अल्बम करून हात बसलेला गडी. पडद्यावर आकाशाच्या फोटोंच्या प्रदर्शनाचं पोस्टर होतं, त्यात तिची दीर्घिका, आणि खाली ठसठशीत अक्षरांत एकच नाव. त्याचं.

तिची म्हणजे तिचीच. हिवाळाभर शाळेत शिकवून आली की ती शेतात दुर्बीण मांडायची. एकेका फोटोत काळोखाशिवाय काही दिसत नाही. असे ढीगभर फोटो एकावर एक रचावेत, तेव्हा कुठे त्या दीर्घिकेतल्या लांबच्या ताऱ्यांचा फिकट डाग वर येतो. तिच्या जुन्या लॅपटॉपला ते ओझं झेपेना, म्हणून विश्वासाने सगळे फोटो याच्याकडे दिले. विश्वास! भोगा आता.

"मॅडम, तुम्ही दिल्ते ते काळे ठिक्कर फोटो," कल्याण मान न वळवता म्हणाला. "त्यातून हे काढलं कोनी? म्या."

"आणि थंडीत कुडकुडत कोण बसल्तं? तुम्ही?"

"तुम्हा लोकांना ना, सगळ्यात वाटा पायजे."

भावनाची कानशिलं तापली. तुम्हा लोकांना! शिकून मास्तरीण झाली, तरी जातीचं हे शेपूट काही सुटत नाही. याचं पोस्टर इथंच टराटरा फाडावं, असं तिला वाटलं. पण पोस्टर अजून छापलंच कुठं होतं?

"मोठं करा ते," ती दात आवळून म्हणाली. "बघू तरी काय दिवे लावले."

कल्याणला तेवढंच हवं होतं. त्याने चित्र मोठं केलं आणि बोट टेकवलं. दीर्घिकेच्या शेजारी एक गोल कडं होतं, निळसर, बांगडीसारखं.

"हे बघा. आभाळाच्या कोनत्याच नकाशात न्हाई. म्या शोधलंय. जालन्याच्या प्रदर्शनाला मोठमोठे परीक्षक येऊन राह्यले, त्यांच्यापुढं हेच सांगनार हाय."

भावना वाकली. आणि तिने ते कडं ओळखलं.

ज्वारीच्या मळणीत कॅमेऱ्याच्या काचेवर भुसकटाचा एक कण जाऊन बसला होता. हिवाळाभर तिने त्याला शिव्या घातल्या होत्या. प्रत्येक फोटोत त्याची गोल सावली त्याच जागी पडायची. त्याच्यावर उतारा म्हणून ती दिवस मावळताना दुर्बिणीच्या तोंडावर वडिलांचा पांढरा सदरा ताणून वेगळे फोटो काढायची. त्यात फक्त तो कचरा उमटतो. मग ते जोडले की कॉम्प्युटर बाकीच्या फोटोंतून तेवढाच हुडकून पुसून टाकतो.

"कल्याणराव," तिने अगदी मऊ आवाजात विचारलं, "ते पांढरे फोटो होते, त्यांचं काय केलं?"

"ते कोरे? फेकून दिले की. जागा खाऊन राह्यल्ते उगाच."

भावना सरळ झाली. तिच्या जिवाला असा थंडावा मिळाला, की बसायला खुर्ची नसतानाही तिला बसल्यासारखं वाटलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिने गिळलं.

तिचा मऊ झालेला आवाज ऐकून कल्याणला वाटलं, बाई नमली. तो जरा सैल झाला. "बरं, रागावू नका. खाली बारीक अक्षरात तुमचं बी नाव टाकू का? मदत म्हनून."

"छे, छे! माझं कशाला? बिलकुल टाकू नका," भावना म्हणाली. "शोध तुमचा. ते कडं तेवढं अजून मोठं करा. परीक्षकांना लांबून दिसलं पाहिजे."

"आता कशी बराबर बोललात!"

त्याने माउस फिरवला. कडं वाढत वाढत पडदाभर झालं, आणि तिची दीर्घिका कडेला सरकत सरकत चौकटीबाहेर गेली.