पुढची गाडी

समूहाने मार्गस्थ होताना पुढे कोण चालणार, हा प्रश्न वरकरणी मानाचा वाटतो. वस्तुतः तो धर्माचा असतो. कळमनुरीत गंगूताईंच्या ओसरीवर तीन कुटुंबे याच प्रश्नावर बराच वेळ अडून बसली होती.

बाकी सारे ठरले होते. पैनगंगेपलीकडच्या सागाच्या रानात दोन रात्री तंबूत काढायच्या. डांबरी सडक सोडून वनखात्याच्या कच्च्या वाटेने तीन गाड्या एकामागून एक न्यायच्या. लेकरांनी मोठ्यांवाचून तंबूबाहेर पाऊल टाकायचे नाही. परवानगी हाती आली होती. ओसरीला लागूनच्या स्वयंपाकघरात गंगूताई साऱ्यांच्या शिदोरीसाठी धपाटे थापत होत्या.

त्या स्वतः जाणार नव्हत्या. त्यांना गाडी लागे. हिंगोलीपर्यंत जायचे तरी मुठीत लिंबू धरावे लागे. "मी घर सांभाळीन," असे त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, आणि ते सर्वांनी तत्काळ मान्य केले होते. इतके तत्काळ, की त्यानंतर त्यांना बोलायला काही उरले नव्हते.

"नवी गाडी हाय, चारी चाकांना ताकद हाय," त्यांचा मुलगा विश्वजीत म्हणाला. "पुढं मीच. तुमची धूळ खायला घेतली का मी गाडी?"

"ताकद चाकांत हाय, डायवरात कुटं हाय?" त्याचा बालमित्र इब्राहीम म्हणाला. "परवा दारापुढच्या नालीत कुणी घातली ती?"

"ती नालीच बराबर जागेवर न्हाई."

सारे हसले. विश्वजीतची पत्नी अनुश्री सर्वांत मोठ्याने हसली. त्याचे कान लाल झाले. पुढे जाणे ही आता त्याच्या प्रतिष्ठेची बाब बनली.

खांबाला टेकून बसलेल्या नानांनी तेव्हा डोळे उघडले. नाना हे गंगूताईंचे थोरले बंधू. आयुष्य देवाच्या सेवेत गेलेले, बोलणे मोजके.

"लहानपणी आमी शिरड शहापूरहून औंढ्याच्या जत्रेला बैलगाड्यांनी जायचो," ते म्हणाले. "तवा वडिलांचा एकच नेम. जी गाडी सगळ्यात हळू, ती पुढं. ती थांबली की सगळे थांबणार. मग वाटेत कुणी मागं राहत न्हाई."

इब्राहीमने मांडीवर थाप मारली. "मग ठरलं! आमची जीप पुढं. अब्बांच्या वक्ताची हाय. सायकलवाला बी तिला मागं टाकून सलाम करून जातो."

"आन् चढ आला की मला उतरवून ढकलाया लावता, ते बी सांगा की," त्याची पत्नी अजरा म्हणाली.

"माझ्या गाडीचा तर दुसरा गिअरच पडत न्हाई!" तिसऱ्या कुटुंबाचे किशनराव घाईने म्हणाले आणि आपल्या वाहनाची दुखणी एकेक करून सांगू लागले. क्षणापूर्वी ज्या ओसरीवर वेगाची बढाई चालली होती, तेथे आता मंदगतीची स्पर्धा सुरू झाली.

विश्वजीत मात्र कोंडीत सापडला. त्याच्या कोऱ्या गाडीला सांगण्याजोगा एकही रोग नव्हता. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला.

"आमच्या गाडीला तर दर दोन कोसाला थांबावं लागंल!"

"काहून?" इब्राहीमने विचारले.

"काहून म्हंजे? आईला गाडी लागती न्हाई का!"

आत धपाटे थापण्याचा आवाज थांबला.

"आई येऊन राहिल्या का?" अनुश्रीने हळूच विचारले.

विश्वजीतला केवळ वाद जिंकायचा होता. परंतु उच्चारलेला शब्द प्रथम बोलणाऱ्याच्याच कानी पडतो. लहानथोरांसह सर्वांची सहल म्हणून तीन घरे इतके दिवस बेत करीत होती, आणि ज्या घरात बसून करीत होती, त्या घरचे माणूस कोणत्याच गाडीत बसलेले नव्हते. तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

"येतीस ना, आई?" या वेळी त्याच्या स्वरात चढाओढ नव्हती.

"मला कशाला नेतूस, बाबा?" गंगूताई खाली पाहत म्हणाल्या. "सारखं थांबावं लागंल. तुमची मजा जाईल."

"मावशी, तुमी थांबवा तर खरं," बाहेरून इब्राहीम म्हणाला. "तेवढ्यात आमच्या जीपचं डोकं बी थंड हुईल."

अजरा केव्हाच आत गेली होती. तिने टोपली पुढे ओढली. "येता का न्हाई ते इचारतच न्हाई मी. लिंबं किती घ्यायची तेवढं सांगा."

गंगूताईंनी पदराला हात पुसले, आणि पुसलेले हात पुन्हा पुसले. मग त्यांनी टोपलीतून स्वतःच एक लिंबू निवडले, नाकाशी धरले आणि बाजूला ठेवले. विश्वजीत दारातच उभा राहून ते पाहत होता. पुढे जाण्याचा मान आपल्याला मिळाला, हे त्याच्या ध्यानातही राहिले नव्हते.

अजराने दाराआडून डोकावून विचारले, "नाना, तुमच्या त्या जत्रेत पुढची गाडी कुणाची असायची?"

"आमचीच की," नाना म्हणाले, आणि बहिणीकडे पाहून प्रथमच मोकळे हसले. "हिला बैलगाडी बी लागायची."

पुढच्या गाडीला लिंबू पुरो, मागच्यांना धूळ कमी लागो, आणि या सर्वांची चाल एकच राहो.